आधी हाक कुणी मारायची?

"उद्या अकरा वाजता तुम्ही स्वतःच्या हातानं ती जुनी केबल कापायची, मॅडम! उपटायची नाही, कापायची! आणि कारखान्यातला एक दिवा जरी लुकलुकला ना, तर ही मिशी उतरवून तुमच्या टेबलावर ठेवीन!"

डबलसाहेबांनी हे मालकीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा हात मिशीवर होता. मिशी झुबकेदार होती. तीस वर्षांची होती. अशी मिशी माणूस उगाच पणाला लावत नाही!

बिस्किटांच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे डबलसाहेब म्हणत, कारण त्यांचं सगळंच दुहेरी. खिशात दोन पेनं, उशाशी दोन गजराची घड्याळं, गाडीत दोन छत्र्या. घराच्या किल्ल्यासुद्धा दोन, आणि दोन्ही एकाच जुडग्यात! तो जुडगा एकदा हरवला तेव्हा साहेब अडीच तास स्वतःच्याच दारात बसून होते. पण त्यातून ते शिकले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन जुडगे केले आणि दोन्ही एकाच बॅगेत ठेवले.

त्यांच्या ताब्यात कारखान्याची सर्व्हर रूम होती. तिथे मधोमध एक काळं कपाट, आणि त्यात पुस्तकांसारखे उभे खोचलेले सोळा पातळ सर्व्हर. ब्लेड सर्व्हर! त्या सोळांच्या पोटात ऐंशी खोटे-खोटे कॉम्प्युटर नांदत होते. एक हजेरी घ्यायचा, एक फाटकाचा दांडा वर-खाली करायचा, एक कँटीनची कुपनं द्यायचा, एक पुड्यांवरची लेबलं छापायचा, एक दारं उघडायचा. ऐंशी जणांचं हे खटलं बाहेरच्या जगाशी बोलायचं ते एकाच जुनाट केबलमधून. म्हणजे ऐंशी माणसांच्या घराला एकच मोरी!

डबलसाहेबांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी योजना आखली. एका केबलऐवजी चार! दोन केबल या स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडायच्या पेटीला, दोन त्या स्विचला. चारींची मिळून एक मोळी बांधायची, म्हणजे चारींची ताकद एक आणि एक तुटली तरी तिघी ओझं वाहतात. मालकीणबाईंना योजना आवडली. त्यांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली.

"सर्व्हर आणि नेटवर्क, दोन्ही विभाग मी एक करतेय," त्या म्हणाल्या. "एकच प्रमुख असेल. गुरुवारी हे काम कसं होतं ते बघते आणि शनिवारी नाव जाहीर करते."

झालं! डबलसाहेबांनी त्याच संध्याकाळी नव्या पदाच्या दोन पाट्या रंगवायला टाकल्या.

आता खरी गोम इथे होती. मोळीचं एक टोक सर्व्हरमध्ये, म्हणजे डबलसाहेबांकडे. दुसरं टोक स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्क विभागात. आणि नेटवर्क विभागाचे साहेब म्हणजे त्यांचे सख्खे साडू! त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा!

दोघांच्या खोल्या समोरासमोर, मध्ये तीन पावलांचा व्हरांडा, दोन्हीकडे काचेची दारं. आणि दोघं अकरा महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण? ड्रिल मशीन! साडूंनी डबलसाहेबांचं ड्रिल मशीन नेलं, पडदे टांगायला भोकं पाडली आणि मशीन परत केलं. पण आत आठ नंबरचा बिट, म्हणजे भोक पाडायचं पुढचं टोक, नव्हता! साडूंचं म्हणणं, मी दिलाय. डबलसाहेबांचं म्हणणं, मग मी काय तो गिळला? तिथून जे बोलणं तुटलं ते तुटलंच.

तसं एखाद्यानं आधी फोन केला असता तर मिटलंही असतं. लहानानं आधी बोलावं, एवढं सरळ होतं. पण लहान कोण? डबलसाहेब साडूंपेक्षा वयानं तीन महिने मोठे. साडू थोरलीचे नवरे, म्हणून नात्यानं मोठे. दोघंही मोठे! दोन मोठी माणसं आपापल्या खुर्चीत बसून लहान कुणीतरी बोलेल म्हणून अकरा महिने वाट बघत होती.

ऑफिसचं काम अडत नव्हतं, कारण मध्ये स्टोअरच्या बाई होत्या. केबल, स्क्रू, पंखे, शाई, सगळं त्यांच्या कपाटात. कमरेला पस्तीस किल्ल्यांचा झुबका. एकीकडे चिठ्ठी घ्यायच्या, तीन पावलं चालायच्या आणि दुसरीकडे द्यायच्या.

"साहेब, समोरचे विचारतात, चार केबल कुठल्या चार भोकांत लावू?"

"सांगा, दोन्ही स्विचच्या सतरा-अठरात. आणि सांगा, नीट लावा म्हणावं! काही लोकांना वस्तू जिथल्या तिथे ठेवायची सवय नसते!"

बाई तीन पावलं गेल्या आणि परत आल्या. "लावल्या. आणि ते म्हणाले, काही लोकांना आपल्या घरात काय आहे तेच ठाऊक नसतं."

डबलसाहेबांच्या मिशीची दोन्ही टोकं एकदम थरथरली.

बुधवारी दुपारी शेवटची सेटिंग उरली. मोळी बांधली जायची तर दोन्ही टोकांच्या यंत्रांनी आधी एकमेकांशी बोलायला लागतं. एक म्हणतं, 'आहेस का?' दुसरं म्हणतं, 'आहे!' मग गाठ बसते. स्क्रीनवर दोन पर्याय होते. 'ॲक्टिव्ह', म्हणजे आपण होऊन हाक मारायची. आणि 'पॅसिव्ह', म्हणजे समोरच्यानं हाक मारली तर ओ द्यायची.

डबलसाहेबांचं बोट हवेतच थांबलं.

आपण हाक मारायची? माझ्या सोळा सर्व्हरांनी त्याच्या स्विचच्या दारात उभं राहून 'साडूभाऊ, आहात का?' म्हणायचं? ज्या माणसानं माझा आठचा बिट पचवला, त्याला आधी हाक? ऐंशी कॉम्प्युटर पोसतो मी! तो काय पोसतो? भोकं!

टक्! 'पॅसिव्ह'.

चारी केबलवर हिरवे दिवे लागले. स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात ओळ आली, 'समोरून हाक नाही.' डबलसाहेब फिस्सकन हसले. मारेल! झक मारत मारेल! काम त्याचंही आहेच की! सकाळपर्यंत येईल वठणीवर.

जुनी केबल अजून जागेवर होती, त्यामुळे सगळं मजेत चाललं होतं.

त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, "अहो, ताईला फोन करतेय. भावजींनी त्यांच्या बाजूनं काय ठेवलंय ते विचारू का?"

"अजिबात नाही! आपण त्यांच्याशी बोलत नाही!"

"तुम्ही नका बोलू. मी ताईशी बोलते."

"तू ताईशी बोललीस, ताई त्यांच्याशी बोलली, म्हणजे मीच बोललो! एवढं साधं कळत नाही?"

"कळतं हो. त्या बिटापायी अकरा महिने बहिणीच्या घरचा चहा सुटलाय माझा, तेही कळतं. घरात एकदा नीट शोधलात का?"

"मी? माझ्या घरात वस्तू हरवत नाहीत!"

बायकोनं जुडग्याच्या खुंटीकडे नुसतं बघितलं आणि फोन ठेवून दिला.

गुरुवारी अकराला मालकीणबाई आल्या. मशीनच्या खोल्यांत मोबाईल न्यायचा नाही, असा डबलसाहेबांचाच नियम. त्यांनी स्वतःचे दोन आणि मालकीणबाईंचा एक असे तीन मोबाईल व्हरांड्यात बाईंच्या ट्रेमध्ये ठेवले. समोरच्या खोलीत साडू पाठ करून बसले होते. त्यांचाही मोबाईल ट्रेमध्येच होता. नियम म्हणजे नियम!

काचेचं दार मागे बंद झालं. डबलसाहेबांनी मालकीणबाईंच्या हातात कटर दिलं.

"घाबरू नका, मॅडम! एक गेली तरी चार आहेत!"

"नक्की?"

"मिशी!" डबलसाहेब म्हणाले.

कच्!

एक सेकंद काहीच झालं नाही. डबलसाहेबांनी नमस्कारासाठी हात जोडायला घेतले.

मग दारावरचा हिरवा दिवा लाल झाला.

"हे काय?"

"योगायोग!"

खालून भोंगा वाजला. मग आणखी एक. मग कुणीतरी कुणाच्यातरी नावानं ओरडलं. मालकीणबाईंनी दार ढकललं. दार ढिम्म!

"दार उघडत नाहीये."

"उघडेल ना, मॅडम. कार्ड लावा."

कार्ड लावलं. दुसरं कार्ड लावलं. डबलसाहेबांनी आपली दोन्ही कार्डं आलटून पालटून लावली, मग दोन्ही एकदम लावली.

"किल्ली कुठाय याची?"

"किल्ली मी गेल्या महिन्यात बंद केली, मॅडम. किल्ली हरवते! त्याऐवजी कार्ड वाचणारी दोन यंत्रं बसवली. एक बिघडलं तर दुसरं!"

"आणि ती दोन्ही कुणाला विचारून दार उघडतात?"

डबलसाहेबांनी काळ्या कपाटाकडे बोट दाखवलं. "सर्व्हरला."

मालकीणबाईंनी हातातल्या कटरकडे बघितलं. मग डबलसाहेबांकडे बघितलं. डबलसाहेब दोन पावलं मागे सरले.

"नवी केबल लावा!"

"आहेत ना! दोन आहेत!"

"कुठे?"

"स्टोअरमध्ये."

समोर साडूही आपल्या दाराशी खटपट करत होते. तेही अडकले होते! डबलसाहेबांना त्या प्रसंगातही क्षणभर गार वाटलं.

तेवढ्यात भट्टीचा फोरमन जिना चढून धापा टाकत व्हरांड्यात आला. त्याच्या केसांत बिस्किटांचा चुरा होता.

"बाई! लेबलं छापणं थांबलंय, म्हणून पॅकिंग थांबलंय! पण भट्टीचा पट्टा थांबत नाही, बिस्किटं येतायत! गुडघ्यापर्यंत आलीत!"

"पट्टा बंद करा की!" डबलसाहेब काचेतून ओरडले.

"तुम्हीच तो कॉम्प्युटरवर नेलाय ना! आमचं बटण काढून टाकलंत! म्हणालात, बटण बिघडतं!"

मालकीणबाईंनी डोळे मिटले.

"आणि फाटकाचा दांडा," फोरमन पुढे म्हणाला, "मैद्याच्या ट्रकच्या टपावर पडलाय. ट्रक आतही येत नाही, बाहेरही जात नाही. कँटीनचं मशीन कुणालाच कुपन देत नाही, कारण हजेरीचा बोर्ड म्हणतो, आज कारखान्यात हजर माणसं शून्य!"

"शून्य?" मालकीणबाई म्हणाल्या. "बरोबर दाखवतोय."

डबलसाहेब कपाटाला जोडलेल्या स्क्रीनकडे धावले. चारी केबल हिरव्यागार! आणि खाली तीच ओळ, 'समोरून हाक नाही.'

"बघा! बघा, मॅडम! माझ्या बाजूनं सगळं तयार आहे! त्यांनी हाकच मारली नाही! रात्रभर माझी यंत्रं कान लावून बसलीत! बाई, विचारा त्यांना, काय सेटिंग ठेवलंय!"

बाईंनी ट्रे खुर्चीवर ठेवला, तीन पावलं टाकली, काचेला तोंड लावून ओरडल्या आणि परत आल्या.

"ते म्हणतात, तुम्ही काय ठेवलंय ते आधी सांगा."

"मी आधी विचारलंय!"

तीन पावलं. "ते म्हणतात, त्यांनी मनातल्या मनात आधी विचारलं होतं."

"बाई!" मालकीणबाई कडाडल्या. "सांगा, मी विचारतेय!"

या वेळी बाई उड्या मारतच गेल्या. "पॅसिव्ह! त्यांनीही पॅसिव्हच ठेवलंय. ते म्हणतात, माझ्या स्विचनं का म्हणून आधी बोलायचं? मी थोरला आहे."

"थोरला! तीन महिन्यांनी लहान आहे तो माझ्याहून!" डबलसाहेबांचा आवाज फाटला. "ऐकलंत, मॅडम? मुद्दाम गप्प बसवलं! एवढा मोठा कारखाना, आणि या माणसानं निव्वळ ताठ्यापायी यंत्राचं तोंड बांधून ठेवलं!"

"आणि तुम्ही?"

"माझी गोष्ट वेगळी! माझा बिट गेलाय!"

मालकीणबाईंना बिट कळला नाही, पण बाकी सगळं कळलं.

"म्हणजे दोघांपैकी एकानं एक शब्द बदलला, की सगळं सुरू होणार?"

"हो."

"मग बदला!"

"त्यांनी का नाही बदलायचा?"

खालून काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज आला. फोरमन जिन्यावरून वाकून बघून म्हणाला, "कमरेपर्यंत! नारळाची आणि चॉकलेटची एकत्र झाली!"

शेवटी बाईच पुढे आल्या. व्हरांड्याच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी दोन्ही हात दोन्ही दारांकडे पसरले.

"हे बघा, साहेब, आणि तुम्हीपण, साहेब! कुणी आधी नाही आणि कुणी नंतर नाही! दोघांनी शब्द टाईप करून ठेवा. मी तीन म्हटलं की दोघांनी एकदम बटण दाबायचं. काय?"

दोन्ही काचांमागे दोन माना हलल्या. दोन बोटं दोन एंटरवर टेकली.

"एक! दोन! तीन!"

डबलसाहेबांनी मान तिरकी करून काचेतून समोर बघितलं. याचं बोट हलतंय का? समोरून साडूही मान तिरकी करून त्यांच्याकडेच बघत होते!

चार सेकंद गेले. पाच. कुणीही बटण दाबलं नाही.

"बघितलंत?" डबलसाहेब गरजले. "बघितलंत, मॅडम? दाबलं नाही! शब्द देऊन दाबलं नाही! असल्या माणसाशी—"

मालकीणबाईंनी त्यांना कोपरानं बाजूला केलं आणि एंटरवर अशी मूठ मारली, की कीबोर्डची दोन बटणं उडून कपाटाखाली गेली.

स्क्रीनवर ओळ आली, 'आहेस का?' पापणी लवायच्या आत दुसरी आली, 'आहे!'

बस्! एवढंच! मोळी बांधली गेली. दारांचे दिवे हिरवे झाले, ट्रकच्या टपावरून दांडा उठला, पट्टा थांबला, आणि हजेरीच्या बोर्डानं तीनशे बारा माणसं परत जन्माला घातली. यंत्रांमध्ये कुणी रुसलंच नव्हतं. हाकेची वाट बघत होती बिचारी!

तीन टन बिस्किटं फावड्यांनी उचलली. मालकीणबाई दारातून बाहेर पडताना कटर डबलसाहेबांच्या हातात देऊन गेल्या. "मिशीसाठी," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर डबलसाहेब वस्तरा घेऊन आरशासमोर उभे राहिले आणि धुसफुसत राहिले. मिशी माझी जाणार! आणि त्याला मिशीच नाही! म्हणजे त्याचं काहीच गेलं नाही! हा कुठला न्याय? आणि शनिवारी त्यालाच प्रमुख केलं तर? केलं तर राजीनामा! दोन प्रतींत!

शनिवारी मालकीणबाईंनी सूचनाफलकावर कागद लावला. सर्व्हर आणि नेटवर्क विभागाच्या संयुक्त प्रमुख म्हणून स्टोअरच्या बाईंची नेमणूक! कारण खाली एकाच ओळीत लिहिलं होतं, 'त्या दोघांशीही बोलतात.'

"बाई?" डबलसाहेब फलकासमोर थयथय नाचले. "स्टोअरच्या बाई? त्यांना पॅसिव्ह म्हणजे काय तरी कळतं का?"

"कळतं, साहेब," मागून आवाज आला. बाई उभ्या होत्या. कमरेला पस्तीसच्या जागी सदतीस किल्ल्या होत्या, कारण दोन्ही काचेच्या दारांना त्यांनी सकाळीच साधी कुलपं लावून घेतली होती. "अकरा महिने बघतेय की. हा घ्या, माझा पहिला हुकूम."

हुकूम असा होता. दोन्ही यंत्रं दर अर्ध्या मिनिटाला एकमेकांना 'आहेस का?' विचारतात. तेवढं काही माणसांना झेपायचं नाही. म्हणून दोन्ही साहेबांनी रोज सकाळी साडेनऊला व्हरांड्यात समोरासमोर यायचं. एकानं 'आहात का?' विचारायचं, दुसऱ्यानं 'आहे' म्हणायचं, आणि वहीत सही करायची. सम तारखेला आधी डबलसाहेब, विषम तारखेला आधी साडू.

सोमवारची तारीख सम निघाली. निघायचीच! डबलसाहेबांना हेसुद्धा मुद्दाम वाटलं.

रविवारी ते दिवसभर घरात फणफणत होते. मनाला विरंगुळा म्हणून त्यांनी नव्या पदाच्या त्या दोन पाट्या भिंतीवर तरी लावायच्या ठरवल्या, निदान न्हाणीघरात! ड्रिल मशीन काढलं. पहिल्या मशीनला बिट नव्हताच, तो तर साडूंनी खाल्लेला. म्हणून माळ्यावरून दुसरं मशीन काढलं. कधी न वापरलेलं, फक्त पहिलं बिघडलं तर असावं म्हणून घेतलेलं. खोक्याचं झाकण उघडलं.

झाकणाच्या कप्प्यात आठ नंबरचा बिट होता. त्याला पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. अक्षर डबलसाहेबांचंच, 'साडूंकडून परत आला. हरवू नये म्हणून इथे ठेवला.'

डबलसाहेबांनी झाकण लावलं. परत उघडलं. बिट तिथेच होता.

"काय हो," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "मिळालं का काही?"

"नाही!"

सोमवारी साडेनऊला दोघं व्हरांड्यात समोरासमोर उभे राहिले. मध्ये बाई, हातात वही. डबलसाहेबांचा वरचा ओठ उघडाबोडका, सोललेल्या अंड्यासारखा. साडूंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि हसले नाहीत. तेच जास्त लागलं. डबलसाहेबांचा उजवा हात खिशात होता आणि मुठीत तो बिट होता.

"आहात का?" डबलसाहेब म्हणाले.

"आहे," साडू म्हणाले. आणि मग, वहीत नव्हतं तरी, हळूच विचारलं, "आणखी काही?"

डबलसाहेबांनी घसा साफ केला. मूठ घट्ट केली.

"नाही, नाही... आणखी काय असणार?"

आणि आत जाऊन त्यांनी कॅलेंडर बघितलं. उद्या विषम तारीख होती. उद्या आधी बोलायची पाळी साडूंची! मग आजच कशाला?